गाडीचं पाणी कण्हेरीला

डिस्टिल्ड वॉटरचा कॅन हातात धरून मी शरयूताईंच्या फाटकाशी उभी होते. बेल वाजवली, आत हालचाल नाही. मनात म्हटलं, बाई आंघोळीला गेल्या असतील, आता ओले केस पुसत येतील आणि उशीर झाला म्हणून मलाच ओरडतील. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई अनवाणीच जिना उतरत आल्या. "भाभीजी, दीदी उठ नहीं रही हैं..." एवढंच म्हणाल्या आणि माझा हात धरला. रोज सकाळी दोघी एकत्र चहा प्यायच्या, म्हणून एक किल्ली त्यांच्याकडे असायची. आत जाऊन बघितलं. ताई झोपल्या होत्या तशाच... झोपेतच गेल्या होत्या. उशाशी टॉर्च काढून ठेवलेला, कारण त्या सकाळी आम्ही दोघी मिळून गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदलणार होतो. आदल्या संध्याकाळी फोनवर काय तो उत्साह! "सुनंदा, उजाडताच ये बरं का, इंजिन गार पाहिजे. आणि पाणी डिस्टिल्डच आण. तुझ्या नळाचं आणलंस तर फाटकातूनच परत पाठवीन!" मी बाजारात जाऊन डिस्टिल्डच आणलं होतं. तो कॅन त्या दिवशी मी कुठे ठेवला, मला काही आठवत नाही.

आता महिना-दीड महिना होऊन गेला. रडून झालंय, आणि मध्येच अजूनही रडू येतं. पण ताईंबद्दल लिहायचं तर मुळूमुळू रडत लिहून चालायचंच नाही. ती बाई आयुष्यभर नुसती उसळत होती हो! नणंद म्हटलं की बायका डोळे मिचकावतात, 'कशी आहे गं?' असं हळूच विचारतात. माझ्या वाट्याला आलेली नणंद गंज बघून टाळ्या वाजवायची. आता काय सांगायचं लोकांना? मूळच्या मिरजेच्या. रसायनशास्त्र शिकवायला तरुणपणी एकट्या जयपूरला आल्या, मुलींच्या कॉलेजात निवृत्त होईपर्यंत शिकवलं. लग्न केलं नाही आणि त्याचं सुखदुःखही केलं नाही. धातू का गंजतो, कसा गंजतो, हा त्यांचा जिवाभावाचा विषय. आमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी भेटीची साडी द्यायच्या आधी मला खिडकीचा गज दाखवला. "हे बघ, पापुद्रा कसा सुटतोय!" मी कराडची मुलगी, नवी नवरी. मला वाटलं, हिला वेडच लागलेलं दिसतंय.

माझे यजमान, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, फौजेत गाड्यांच्या तुकडीत होते. ताई त्यांना बापू म्हणायच्या. शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच मालवीय नगरात राहिलो, ताईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. फौज सुटली पण ह्यांची 'फर्स्ट परेड' काही सुटली नाही. फौजेत रोज सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी तिचं तेल, पाणी, हवा, सगळं तपासतात, त्याला म्हणतात फर्स्ट परेड. आमच्याकडे तेव्हा गाडीच नव्हती, नुसती स्कूटर. मग हे रोज पहाटे फिरायला जाताना ताईंच्या गाडीची परेड घ्यायचे. गाडी पांढरी, बुटकी, पेट्रोलवर चालणारी, जुनी. ताईंनी तिचं नाव ठेवलं होतं ठकी. त्या ठकीतून ही बाई सगळं जयपूर पालथं घालायची. निवृत्तीनंतरही मुलींची प्रॅक्टिकल्स घ्यायला जायची. छावणीत नवी बदली होऊन आलेली कुणी मराठी पोर असली, भाषा येत नाही म्हणून घरात कोंडून बसलेली, की तिला ठकीत घालून राजा पार्कात खरेदीला न्यायची. कुणाचं बाळंतपण, कुणाची ट्रेन, ठकी हजर.

तर चार-पाच वर्षांपूर्वीचा मे महिना. जयपूरचा मे ज्यानं अंगावर घेतलाय त्यालाच तो कळतो. मी आणि ताई राजा पार्कात चादरी घ्यायला गेलो होतो, आणि परतताना ऐन गर्दीत ठकीच्या तापमानाच्या काट्यानं वर उडी घेतली. बॉनेटमधून भस्सकन वाफ. मागे हॉर्नचा कल्ला. एक भला माणूस स्कूटर लावून धावत आला, त्यानं बॉनेट उचललं आणि सरळ रेडिएटरच्या झाकणालाच हात घातला. "भैया, हाथ हटाइए!" ताई अशा ओरडल्या की तो बिचारा दोन पावलं मागे उडाला. "गरम में खोलोगे तो मुँह जल जाएगा!" त्याला वाचवलं खरं, पण मग त्या स्वतःच उन्हानं मटकन फुटपाथवर बसल्या. चेहरा लालबुंद, शब्द फुटेना. एका छोले-भटूरेवाल्यानं आत पंख्याखाली बसवलं, डोक्यावर पाणी मारलं. माझी तर पाचावर धारण बसली. फोन करून निखिलला, आमच्या मुलाला, बोलावून घेतलं.

निखिल जयपूरातच वाढलेला. त्याचं मराठी म्हणजे अर्धी भाकरी, अर्धा पराठा. घरी आल्यावर तो जो सुरू झाला! "आत्या, मतलब हद झाली आता. तुला काही झालं असतं तर? मी एका भैयाशी बात केलीये, तो येऊन गाडी भंगारात घेऊन जाईल. तू कॅब घे ना, ॲपवर दोन मिनिटात येते." त्याचं चुकत नव्हतं हो. मीही मान डोलावली. ताई आत्तापर्यंत पडून होत्या, त्या उठून बसल्या. "आणि कॅबवाल्याला काय सांगू रे? की बाबा, कुठं जायचंय ते अजून ठरलं नाही, तू नुसता चल?" मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "ठकी गेली की मी घरात बसलेली म्हातारी होणार निखिल. लोक मला भेटायला येतील. मला नको ते. मला जायचं असतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण ते टिकलं किती, तर नाक ओढेपर्यंत. लगेच बोट नाचवत म्हणाल्या, "पैज लाव. ह्याच मे महिन्यात, भर दुपारी, एसी लावून, चौघांना घेऊन नाहरगडाचा चढ चढवते. काटा मधली रेघ सोडून वर गेला, तर किल्ली मीच तुझ्या हातात देईन, परत मागणार नाही." निखिल म्हणाला, "डन." झालं! आजारी बाई औषधाशिवाय बरी झाली.

दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना झाकण उघडलं. ताईंनी एक नळी आत सोडून पाणी ओढलं आणि आपल्या पांढऱ्या एनॅमलच्या तसराळ्यात काढलं. मी बघतच राहिले. कडक चहा! गाळायचा राहिलेला, तळाशी तांबूस भुकटी बसलेली. आणि ह्या बाईसाहेब तसराळं उन्हात धरून काय म्हणाव्यात? "काय रंग आलाय गं सुनंदा! सगळं आतलं लोखंड आहे हे, विरघळून बाहेर आलंय. तीस वर्षं फळ्यावर लिहून दाखवलं, हा एकदा दाखवायला हवा होता मुलींना!" मी म्हटलं, "ताई, तुमची गाडी आतून सडलीये आणि तुम्ही लग्नातल्या करवलीसारख्या काय नाचताय?" तेव्हा कुठे त्या थांबल्या. कपाळाला आठी पडली. "पण मी तर कूलंट भरलं होतं. हिरवंगार. त्यात गंज धरू नये म्हणून औषध असतं. ते गेलं कुठं?" झाकणाच्या कडेला पांढरा थर होता, आमच्या बोअरच्या पाण्याचा बादलीवर बसतो ना, अगदी तसा. त्यावरून बोट फिरवत त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या पायानं चालत आलं. ताई नमुना घ्यायला लवकर उठल्या होत्या, मीही गेले होते. फाटक वाजलं आणि आमचे हे आत आले, हातात पाण्याची बाटली. नेहमीप्रमाणे बॉनेट उचललं, झाकण काढलं आणि बाटली ओतायला लागले. तोंडोतोंड! "बापू," ताई म्हणाल्या, "रोज घालतोस?" "रोज," हे ताठ उभे राहून अभिमानानं म्हणाले, "एक दिवस चुकवलेला नाही. रोज अर्धी बाटली कमी असते ताई. पितेय गाडी." ताईंनी डोक्यालाच हात लावला. तोंडोतोंड भरलेलं पाणी गाडी चालली की तापून फुगायचं आणि वरच्या नळीतून बाहेर सांडायचं. सकाळी पातळी खाली दिसायची, हे पुन्हा नळाचं पाणी भरायचे, ते पुन्हा सांडायचं. रोज थोडं कूलंट बाहेर, रोज थोडं खारं पाणी आत. होता होता आत औषधाचा थेंब राहिला नव्हता. ताईंना वाटायचं, बापू बघतोय, आपल्याला काळजी नाही. ह्यांना वाटायचं, ताईला सगळं रसायन कळतं, आपण आपली पातळी राखायची. दोघांनी मिळून, अगदी जीव लावून, ती गाडी गंजवली होती!

ताई हसत सुटल्या. खरंच, फाटकाला धरून हसल्या. "अरे देवा, माझा विषय आणि माझ्याच दारात!" पण ह्यांचा चेहरा उतरला. बाटलीचं बूच लावलं, बॉनेट हळू बंद केलं आणि न बोलता घरी आले. मी चिडवून पाहिलं, पोहे करून पाहिले. संध्याकाळी म्हणाले, "आयुष्यभर गाड्या सांभाळल्या मी. आणि बहिणीची गाडी घालवली." दुसऱ्या दिवशी फिरायला गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फौजेतला माणूस पहाटे अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेला बघवत नाही हो... आता गाडीपेक्षा मला ह्यांचीच धास्ती वाटायला लागली.

इकडे ताईंची मोहीम जोरात. शास्त्री नगरातले फिरोजभाई हे त्यांचे जुने मेकॅनिक. त्यांनी बघून मान हलवली. "बहनजी, इंजन खोलना पड़ेगा. और सच बोलूँ तो इस उमर की गाड़ी में पैसा मत डालो." ताई म्हणाल्या, आधी धुऊन बघू. मग काय, फिरोजभाईंनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गार असताना पाणी अडवून धरणारी झडप, काढून दिला आणि त्यांच्या शेडमध्ये आमची धुलाई सुरू झाली. लिंबूसत्त्व, इथे त्याला टाटरी म्हणतात, ते मी माझ्या स्वयंपाकघरातून नेलं. गरम पाण्यात विरघळवून आत भरलं, इंजिन चालू ठेवलं, गाडीचा हीटर लावला म्हणजे त्याच्या नळ्यांतूनही पाणी फिरावं. मे महिन्यात हीटर! आम्ही दोघी घामानं निथळतोय आणि ताई घड्याळ बघत ओरडतायत, "जास्त वेळ नको फिरोजभाई, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आहे, आम्ल त्यालाही खातं!" पहिल्या खेपेला बाहेर आला काढा. मग चहा. मग लिंबाचं सरबत. प्रत्येक खेपेला तसराळ्यात थोडं काढून त्या उन्हात धरायच्या. बाकीचं टबात जमा करून वर फळी ठेवायच्या, कारण कूलंट चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री ते पितात आणि मरतात. धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून उरलंसुरलं आम्ल मारलं, मग साध्या पाण्यानं, मग डिस्टिल्डनं. आणि शेवटच्या खेपेला पाणी आलं ते असं नितळ, की तसराळ्याच्या तळाचं निळं फूल दिसलं! ताईंनी फिरोजभाईंच्या पाठीत धपाटा घातला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या सकाळी गाडीखाली थारोळं. इंजिनाच्या बाजूला पत्र्याच्या लहान लहान टोप्या बसवलेल्या असतात, त्यातली एक ठिबकत होती. फिरोजभाईंनी आडवं पडून टॉर्च मारला, बोटानं दाबलं, तर टोपीला भोकच! "बहनजी, ये तो कब की गल चुकी थी. जंग ने ही पकड़ रखा था. आपने जंग निकाल दिया, तो पानी निकल आया." पैजेचा मे संपायला दोनच दिवस. म्हटलं संपलं, ठकी गेली, ताई घरात बसल्या. आणि ताई? त्या गुडघ्यांवर बसून गाडीखाली वाकल्या होत्या, साडीला तेल, केसांना माती. "फिरोजभाई, मतलब इतने दिन गंजच गाडी को धरके बैठा था?" असं काहीतरी अचाट हिंदी-मराठी बोलल्या आणि खदखदून हसल्या. टोपी नवी बसली. वॉटर पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, कडक झालेले होज पाइप बदलले. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी, आतली हवा काढून मोजकं भरलं. तोंडोतोंड नाही!

त्या संध्याकाळी ताई आमच्याकडे आल्या. तेलकट साडीतच. हे बाल्कनीत पाठमोरे बसलेले. "काय रे बापू, फर्स्ट परेड चुकवलीस? फौजेत चालतं का हे?" हे म्हणाले, "ताई, माझा हात नको आता तुझ्या गाडीला." ताई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. आवाज एकदम मऊ. "तुझा हात नसता ना, तर ह्या परक्या गावात रोज सकाळी माझ्या फाटकाचा आवाज कुणी केला असता? मी तो आवाज ऐकून उठते रे. गाडी गंजली तर धुता येते." मग पुन्हा मास्तरीण झाल्या. "उद्यापासून यायचं. बाटली घेऊनच यायचं. बॉनेट उघडायचं, पातळी बघायची, बॉनेट बंद करायचं. आणि पाणी फाटकाजवळच्या कण्हेरीला घालायचं. समजलं? हुकूम आहे." हे उठून उभे राहिले. "जी," म्हणाले. बहीणभाऊ दोघंही रडत होते आणि मी चहाचं निमित्त करून आत पळाले.

मग तो नाहरगड! ताई स्टिअरिंगवर, शेजारी हे, मागे मी आणि निखिल. दुपारचं ऊन असं की रस्ता डोळ्यांत घुसत होता. एसी चालू. जलमहाल मागे पडला आणि चढ लागला. गाडीत कुणी बोलेना, चौघांचे डोळे एका काट्यावर. वळण, मग वळण, मग आणखी वळण. काटा मधल्या रेघेवर, ढिम्म. आणि एका वळणावर समोर पर्यटकांची बस अडकलेली! पुढे जाता येईना, मागे येता येईना, गाडी चढावर उभी, एसी चालू. काटा थरथरला. वर सरकला, केसभर. निखिल पुढे वाकला. "आत्या, एसी बंद कर, मी नाही गिनणार." "गप बस!" ताई म्हणाल्या, "पैज म्हणजे पैज." काटा रेघ सोडायच्या बेतात. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि घर्रर्र करून बॉनेटखालचा रेडिएटरचा पंखा सुरू झाला. काटा थांबला... आणि मागे आला! आला की हो मागे, बरोब्बर रेघेवर! गाडीत असा काही आरडाओरडा झाला की बसमधली माणसं खिडकीतून बघायला लागली. वर पोचल्यावर सगळं जयपूर पायाशी पसरलेलं, आणि ह्या बाई त्याच्याकडे पाठ करून बॉनेट उघडून उभ्या, झाकणाला हात न लावता, नुसत्या कौतुकानं बघत. निखिलनं कानाला हात लावला. "आत्या, मान गए. किल्ली तुझी."

त्यानंतर ठकी कधी तापली नाही. ताई शेवटच्या आठवड्यापर्यंत चालवत होत्या. एका पोरीला स्टेशनवर सोडून आल्या, कुणाचं तरी बारसं केलं. घरात बसलेली म्हातारी त्या एक दिवसही झाल्या नाहीत. हे आठवलं की मला इतकं बरं वाटतं की रडता रडता हसू येतं.

तेराव्यानंतर निखिल परत नोकरीवर जायला निघाला. आता तो दिल्लीकडे असतो. ठकी आमच्या दारात आणून लावली होती. मी म्हटलं, "अरे, कूलंट बदलायचं राहिलंय ना." तिघंही सरळ कामाला लागलो. तो डिस्टिल्डचा कॅन घरमालकीणबाईंनी नीट सांभाळून ठेवला होता, तो आणला. इंजिन गार होतं. निखिल गाडीखाली शिरला, मी ताईंचं तसराळं धरलं. खालचा पाइप सुटला आणि पाणी आलं. हिरवं. नितळ. तळाचं निळं फूल जसंच्या तसं दिसत होतं. हे वाकून त्यात बघत राहिले. बोट बुडवलं, उन्हात धरलं, अगदी ताईंसारखं. "गंज नाही," म्हणाले. "कणभरही नाही गं, सुनंदा." निखिल गाडीखालून बाहेर आला आणि बापाच्या गळ्यात पडला, हात तसेच ओले.

आता मी गाडी शिकतेय. ह्या वयात! निखिल म्हणतो, विकून टाका. मी म्हटलं, मला जायचं असतं.

हे रोज सकाळी बाटली भरतात. आमच्या दारात ठकीचं बॉनेट उघडतात, पातळी बघतात, बंद करतात. आणि बाटली तशीच हातात घेऊन दोन गल्ल्या चालत जातात. ताईंच्या घरात अजून कुणी राहायला आलेलं नाही, पण फाटकाजवळची कण्हेर आहे. काल न राहवून मी म्हटलं, "अहो, एवढ्या उन्हाचं कशाला? आपल्याच दारातल्या तुळशीला घाला की."

ते चपला घालत म्हणाले, "हुकूम कण्हेरीचा आहे."